डोंगरात पक्षी ऐकू येतात, दिसत नाहीत! (सातपुड्यात नवीन आहे, मार्गदर्शन हवं)

माळरानाची_लेक | ९ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जूनमध्ये बदली होऊन नंदुरबारच्या अक्राणी (धडगाव) तालुक्यात एका आश्रमशाळेवर रुजू झाले. मूळची मी सोलापूरची. मुलगा आठ वर्षांचा आहे आणि माझ्याबरोबर आहे. मिस्टर नोकरीमुळे सोलापुरातच आहेत. गाव छान आहे, माणसं फार प्रेमळ आहेत, पण खोलीच्या मागे सरळ डोंगर सुरू होतो आणि संध्याकाळी पाच वाजता जे धुकं उतरतं ते सकाळी दहापर्यंत हलत नाही. पहिले पंधरा दिवस मला कोंडल्यासारखं झालं होतं.

मला पक्षी बघायची आवड आहे. नान्नजच्या माळावर वडिलांबरोबर लहानपणापासून फिरले. तिथे कसं, नजर टाकली की मैलभर गवत. चंडोल उडाला, धाविक पळाला, लांबवर भोवत्या घार गवतावरून तरंगत गेली, सगळं उघड्यावर. इथे उलट आहे. पहाटेपासून आवाजच आवाज. समोरच्या झाडातून कुणीतरी शीळ घालतं, दरीतून दुसरं कुणी उत्तर देतं, आणि मी दुर्बीण घेऊन पानांकडे बघत उभी. महिनाभरात बुलबुल, सातभाई, कोतवाल आणि एक मोर एवढीच नोंद झाली आहे वहीत.

डोंगराच्या मुलखात नव्याने राहायला गेलेल्यांनी पक्षी बघायला सुरुवात कशी केली? पावसाळ्यात काही दिसतं का, की दिवाळीपर्यंत थांबावं? एकटीने मुलाला घेऊन जंगलात जावं का? आणि एकूणच, नवा मुलूख आपला वाटायला तुम्हाला किती दिवस लागले?

(रेंज फक्त शाळेच्या मागच्या टेकाडावर मिळते, उत्तराला उशीर झाला तर राग मानू नये.)

---

तापीकाठ | ९ जुलै, रात्री १०:१५

ताई, आम्हना खान्देशमा तुम्हनं स्वागत शे! आठे पाखरंसना काय तोटा नही. काही फिकीर करू नका.

मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त. तुमच्या डोंगराचा अनुभव मला कमी, पण हिवाळ्यात हतनूर धरणावर या. तापी आणि पूर्णा जिथे भेटतात तिथलं ते पाणी. डिसेंबर-जानेवारीत चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, पट्टकादंब हंस, सगळे उघड्यावर बसलेले असतात, तुमच्या माळासारखे. तोवर डोंगरवाले सांगतीलच.

---

मोलगीकर | १० जुलै, सकाळी ७:०५

मी मोलगी भागात आरोग्य खात्यात आठ वर्षं काढली. पहिल्या पावसाळ्यात माझी अवस्था तुमच्यासारखीच होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डोंगरात डोळ्यांच्या आधी कान लावावे लागतात. माळावर पक्षी दिसतो आणि मग आपण त्याचा आवाज शिकतो. इथे क्रम उलटा. मी केलं ते असं: रोज सकाळी घराच्या ओट्यावर एकाच जागी वीस मिनिटं बसायचं. दुर्बीण बाजूला. फक्त आवाज मोजायचे. ओळखायचे नाहीत, वेगळे करायचे. पहिल्या आठवड्यात मला चार आवाज वेगळे करता आले, महिन्याने अकरा. मग त्यातला एक धरायचा आणि तो पक्षी दिसेपर्यंत त्याच्याच मागे राहायचं. एका कुटुर्ग्याने मला नऊ दिवस झुलवलं. पानांच्या रंगाचा पक्षी, दिवसभर 'कुटर्र कुटर्र' करतो आणि हलत म्हणून नाही. नवव्या दिवशी उंबराच्या फांदीवर दिसला तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

पावसाळ्यात थांबू नका. उलट आताच बसा. आत्ता जे गात आहेत ते विणीसाठी गात आहेत, आणि एकेक नर रोज त्याच फांदीवर येऊन गातो. तुमच्या शाळेच्या आसपास खडकावर किंवा तारेवर काळाकुळकुळीत, डोक्यावर टोकदार तुरा आणि पंख विटकरी असा चिमणीएवढा पक्षी दिसतो का बघा. तो युवराज. डोंगरउतारावर पावसाळ्यात गातो आणि अगदी उघड्यावर बसतो. तुमची सुरुवात त्याच्यापासून होईल असं मला वाटतं.

आपला कधी वाटला? दुसऱ्या वर्षी. सुटीवर गावी गेलो होतो आणि पहाटे जाग आली तर 'कुटर्र' ऐकू येईना, म्हणून चुकल्याचुकल्यासारखं झालं.

---

शेवभाजी_प्रेमी | १० जुलै, सकाळी ९:३०

धुक्यात बसून पक्षी ऐकताना सोबत दादर ज्वारीची भाकरी आणि गरम शेवभाजी हवी. ताई, सोलापूरची शेंगाचटणी तिखट म्हणतात, पण आमची शेवभाजी एकदा खाऊन बघा आणि मग बोलू. :)

---

पावशा_शिरपूर | १० जुलै, दुपारी १:२०

बाई, मी शेतकरी माणूस. पुस्तकातली नावं मला फार येत नाहीत. माझं नाव ज्याच्यावरून घेतलं तो पावशा मात्र लहानपणापासून ओळखतो. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं चढत्या सुरात ओरडतो, दम लागेपर्यंत. आमची आजी पावशा ओरडला की बियाण्याच्या मडक्यावरचं फडकं काढून बघायची. तुमच्याकडे आत्ता तो रात्रीसुद्धा ओरडत असेल. आणि पोटाखाली पांढरा, वर काळा, डोक्यावर तुरा असा चातक. हा आफ्रिकेतून समुद्र ओलांडून पावसाच्या वाऱ्याबरोबर येतो म्हणतात, खरं का?

टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, हेही आम्ही बघतो. यंदा माझ्या बांधावर उंचावर आहेत.

---

रानजाई | १० जुलै, दुपारी ३:००

@पावशा_शिरपूर काका, चातकाचं खरं आहे. उत्तर आणि मध्य भारतात पावसाळ्यात येणारे चातक आफ्रिकेतून येतात आणि पाऊस संपला की परत जातात. दक्षिणेत काही वर्षभर राहणारेही आहेत. पावशा आणि चातक दोघेही स्वतः घरटं बांधत नाहीत, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात. म्हणून ताईंच्या वहीत सातभाई आहेत, तर हे दोघे जवळपास असणारच.

टिटवीच्या बाबतीत मला तेवढी खात्री वाटत नाही. टिटवी जमिनीवरच अंडी घालते आणि पाणी साचणार नाही अशी जागा बघते. बांधावरची अंडी म्हणजे खाली ओल झाली असावी.

---

पावशा_शिरपूर | १० जुलै, सायंकाळी ६:४५

ओल आहे हे खरं. पण पाऊस पडला की मला सांगायला या पोरी. :)

---

उदईकाठ | ११ जुलै, रात्री ८:१०

बाई, नमस्कार. मी पावरा आदिवासी, धडगाव तालुक्यातलाच. आता नाशिकला शिकतो, पण सुटीत घरीच असतो.

तुम्ही विचारलं, एकटीने जंगलात जावं का. माझं म्हणणं, सध्या जाऊ नका. भीती घालत नाही. पावसाळ्यात ओढे अचानक भरतात, वाटा निसरड्या होतात, आणि नवीन माणसाला कुठली वाट शेतात जाते आणि कुठली दरीत, हे कळत नाही. पण याहून मोठं कारण वेगळं आहे. तुम्ही एकट्या दुर्बीण घेऊन डोंगरात फिरलात तर लोक लांबून बघतील. एखाद्या मुलाला बरोबर घेऊन गेलात तर लोक बोलावून चहा देतील. तुमच्या शाळेतली मुलं रोज गुरं घेऊन हिंडलेली आहेत. त्यांना कुठल्या मोहाच्या ढोलीत कोण राहतं हे पाठ असतं. पुस्तकातलं नाव नसेल येत, आमच्या बोलीतलं येतं. त्यांना विचारा.

माझ्या आजीला पन्नासेक पक्ष्यांची नावं पावरीत येत होती. कुठला पक्षी कुठल्या झाडाचं फळ खातो, कुठला बोलला की मोह पडायला लागतो, सगळं. ती गेली तेव्हा मी दहावीत होतो. एकही नाव लिहून ठेवलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

---

माळरानाची_लेक | १२ जुलै, सायंकाळी ५:५०

टेकाडावर आले आहे, सगळे प्रतिसाद वाचले. मनापासून आभार.

मोलगीकर, युवराज सापडला! शाळेच्या नळकोंड्याजवळच्या खडकावर. मी तिथून रोज जात होते. मुलगा तर त्याला सोडायलाच तयार नव्हता.

उदईकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. उद्यापासून मुलांना विचारते. तुमच्या आजीबद्दल वाचून गलबलून आलं.

एक प्रश्न. पहाटे आणि दिवस मावळताना दोन सुरांची स्वच्छ शीळ येते, पहिला सूर चढता, दुसरा उतरता. दाट करवंदीच्या जाळीतून. कोण असेल?

---

रानजाई | १२ जुलै, सायंकाळी ६:२०

नवरंग! जवळजवळ नक्की. पोटाला पिवळट, पाठ हिरवी, शेपटीखाली लालभडक, पंखावर निळा तुकडा, डोळ्यावरून काळा पट्टा. उन्हाळ्याच्या शेवटी इथे येतो, पावसाळ्यात वीण करतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे जातो. जमिनीवर पाचोळा उलटत फिरतो, म्हणून दिसणं अवघड. जाळीच्या खालच्या अंगाला बघा, वर नको.

---

लेन्सवाला_धुळे | १२ जुलै, रात्री ९:००

नवरंग हवा असेल तर सोपं आहे. मोबाईलवर त्याचा आवाज लावा, दोन मिनिटांत समोर येतो. मी असेच भारी फोटो काढलेत.

---

मोलगीकर | १२ जुलै, रात्री ९:२५

@लेन्सवाला_धुळे कृपया हे सुचवू नका. वीण चालू असताना आवाज लावला की नराला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला. तो घरटं, अन्न, सगळं सोडून भांडायला येतो. फोटो मिळतो, पण त्याची अर्धी सकाळ जाते. रोज चार जण असं करायला लागले तर तो जागाच सोडतो.

---

लेन्सवाला_धुळे | १२ जुलै, रात्री ९:४०

एकदा लावल्याने काही होत नाही हो. फोटोमुळेच लोकांना पक्ष्यांबद्दल प्रेम वाटायला लागतं. माझे फोटो बघून धुळ्यातली कितीतरी मुलं लळिंगच्या कुरणात जायला लागलीत. त्याचं काहीच नाही का?

---

गिरणामाई | १३ जुलै, सकाळी १०:००

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मी चाळीसगावची, पाटणादेवीला नेहमी जाते. तिथे एका घुबडाच्या घरट्याची जागा कुणीतरी ग्रुपवर टाकली. पुढच्या दोन रविवारी तिथे इतकी माणसं आली की तिसऱ्या रविवारी घरटं रिकामं होतं. फोटो काढणारे सगळे सज्जन होते, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. म्हणून माझा एकच आग्रह: फोटो जरूर टाका, जागा टाकू नका.

---

लेन्सवाला_धुळे | १३ जुलै, दुपारी १२:१५

जागेचं मान्य. माझ्या जुन्या पोस्टमधून घरट्यांच्या जागा काढून टाकतो. आवाजाचा विचार करतो.

---

शेवभाजी_प्रेमी | १३ जुलै, दुपारी १२:४०

असे वाद असे मिटले तर किती बरं. लेन्सवाला, जळगावला आलात तर भरीत माझ्याकडून.

---

माळरानाची_लेक | १७ ऑगस्ट, सायंकाळी ५:३०

महिनाभर लिहायला जमलं नाही. पाऊस असा होता की टेकाडावर चढताच आलं नाही.

मुलांना विचारायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी सगळी गप्प. मी बुलबुलाचा आवाज काढून दाखवला (जमेल तसा), तशी सातवीतली एक मुलगी उठली आणि तिने पाठोपाठ सहा पक्ष्यांचे आवाज काढले. हुबेहूब. वर्गातली मुलं नाव सांगत गेली, मी फळ्यावर देवनागरीत लिहीत गेले. काही उच्चार मला लिहिताच येईनात, तेव्हा त्यांनीच माझ्या हातातून खडू घेतला. आत्तापर्यंत एकतीस नावं जमली आहेत. त्यातल्या बारा पक्ष्यांचीच मराठी नावं मला सांगता आली.

एक अडचण आहे, ती मोकळेपणाने लिहिते. मोठ्या मुलांकडे गलोली आहेत. तितर, होले, पोपट, मिळेल ते. पोपटाची पिल्लं ढोलीतून काढून विकायलाही नेतात असं कळलं. मी नवीन बाई, कुठल्या तोंडाने रागवू? त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा काही शिजतं ते यातूनच, हेही दिसतं मला.

---

उदईकाठ | १७ ऑगस्ट, रात्री ९:५०

बाई, रागावू नका हे बरोबर. लहानपणी मीही गलोल चालवली आहे. माझी कशी सुटली ते सांगतो. आठवीत आमचे एक सर होते. ते म्हणाले, तू नेम उत्तम धरतोस, तर मला या डोंगरात कोण कुठे घरटं करतं ते वर्षभर लिहून दे, एकाही घरट्याला हात न लावता. वही दिली. पाडव्यापर्यंत माझ्या वहीत चौतीस घरटी होती. ज्या पिल्लांना आपण अंड्यातून बाहेर येताना पाहिलं, त्यांच्यावर नेम धरता येत नाही हो. हातच वर जात नाही.

पोपट पकडून विकणं हा गुन्हा आहे, हे मात्र मोठ्या माणसांना गावाच्या बैठकीत नीट सांगायला हवं. त्यासाठी आधी पाटलांशी बोला. मुलांना नका सांगू, त्यांचे बाप ऐकायला हवेत.

---

तापीकाठ | १८ ऑगस्ट, सकाळी ८:००

उदईकाठ भो, डोळ्यात पाणी आणलंस.

---

माळरानाची_लेक | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

सध्या पक्षी सप्ताह चालू आहे (५ ते १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांचे जन्मदिवस), म्हणून धागा वर काढते.

आकाश मोकळं झालं आहे. सप्टेंबरमध्ये ओढ्यावर करडा धोबी आला, शेपूट वर-खाली हलवत. मागच्या आठवड्यात अंगणात कृष्ण थिरथिरा हजर. सतत शेपटी थरथरवतो आणि तांबूस बूड दाखवतो. मुलगा त्याला 'थंडीवाला' म्हणतो.

आता मुख्य बातमी. मुलगा आणि त्याचे दोन मित्र सांगत आहेत की शाळेच्या चिंचेवर त्यांनी रानपिंगळा पाहिला. मी गेले तेव्हा ढोलीतून दोन पिवळे डोळे बघत होते. हा तोच शंभर वर्षांनी सापडलेला पक्षी का?

---

रानजाई | ६ नोव्हेंबर, दुपारी १:३०

ताई, गावातली चिंच, ढोली, म्हणजे बहुधा साधा पिंगळा. फरक असा बघा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके भरपूर. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, ठिपके असले तर अगदी पुसट. पंखांवर आणि शेपटीवर मात्र ठसठशीत पट्टे, पोट पांढरं, पाय जाड आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले, चोच मोठी. तो दिवसा फिरतो. थंडीच्या सकाळी पानं झडलेल्या झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो आणि शेपटी डावी-उजवीकडे झटकतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर खातो.

तुम्ही ज्या डोंगरात राहता त्याच्याशी या पक्ष्याचा इतका संबंध आहे की गोष्ट पूर्ण सांगते. १८७२ मध्ये छत्तीसगडच्या बाजूला ब्लेविट नावाच्या माणसाला तो मिळाला. १८७३ मध्ये पक्षी-अभ्यासक ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे खान्देशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांना शहाद्याच्या भागात काही मिळाले, शेवटचा १८८४ मध्ये. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून सातच नमुने. त्यानंतर कुणालाच दिसला नाही.

मधे एक खोटी नोंद शिरली. माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलने १९१४ मध्ये आपल्याला गुजरातेत मांडवीजवळ एक मिळाल्याचं सांगितलं. अमेरिकेच्या पक्षी-अभ्यासक पॅमेला रॅसमुसेन यांनी तो नमुना तपासला तेव्हा कळलं की तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना आहे, नव्याने भुसा भरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला. म्हणजे लोक त्या खोट्या जागीही शोध घेत होते. रॅसमुसेन यांनी ती नोंद बाजूला ठेवली, खऱ्या जुन्या जागा धरल्या, आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला बेन किंग व डेव्हिड ॲबॉट यांच्याबरोबर शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. पुढे बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) अभ्यासकांनी तोरणमाळच्या जंगलात त्याचा अभ्यास केला. नंतर मेळघाट, यावल, तानसा अशा ठिकाणीही तो आढळला.

---

उदईकाठ | ६ नोव्हेंबर, रात्री ८:३०

रानजाई ताई, माहिती छान. एक गोष्ट जोडतो, वाईट वाटून घेऊ नका. '११३ वर्षं कुणालाच दिसला नाही' हे वाक्य आम्ही वाचतो तेव्हा मनात येतं, आमची माणसं तर तिथेच होती. माझ्या आजोबांना दिवसा बसणारा पिंगळा माहीत होता. आमच्या घरी दोन्ही पिंगळ्यांना एकच नाव होतं, पण हा उन्हात बसतो आणि तो रात्री, हे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक. त्यांना कुणी विचारलं नाही.

---

रानजाई | ६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

बरोबर आहे तुमचं. 'शास्त्रज्ञांपैकी कुणाला' असं लिहायला हवं होतं. यापुढे तसंच लिहीन.

---

पावशा_शिरपूर | ७ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

पिंगळ्यावरून आठवलं. आमच्याकडे पहाटे कंदील आणि कुडमुडं घेऊन पिंगळा यायचा, माणूस. तो म्हणायचा मला पिंगळ्याची भाषा कळते, आणि घराचं भविष्य सांगायचा. आई सुपात दाणे घालायची. आता येत नाहीत. पाखरू मात्र अजून बोलतं.

---

मोलगीकर | ७ नोव्हेंबर, सकाळी ९:००

काकांच्या आठवणीला जोडून एक काळजीची गोष्ट. घुबड घरावर बसलं की अपशकुन, म्हणून दगड मारणारे लोक मी पाहिले आहेत, आणि दिवाळीच्या अमावास्येला जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारेही असतात. रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पण कायद्यापेक्षा खरी अडचण झाडांची आहे. ढोली होईल एवढं जुनं झाड उरलं नाही तर तो राहणार कुठे? सागाच्या जंगलात एकेक म्हातारं सालईचं, मोहाचं झाड राखणं हे त्याच्यासाठी घर राखणं आहे. बाई, शाळेच्या चिंचेवर साधा पिंगळा असला तरी त्याचा सोहळा करा. मुलांची घुबडाची भीती तिथेच जाईल.

---

माळरानाची_लेक | ११ नोव्हेंबर, सायंकाळी ५:१५

डोक्यावर ठिपके आहेत. साधा पिंगळाच! पण आता शाळेत तो सगळ्यांचा आहे. मुलांनी चिंचेखाली खेळताना आरडाओरडा करायचा नाही असं आपापसात ठरवलं आहे, मी काही सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा 'घुबड!' म्हणून पळणारी चौथीतली मुलगी आता रोज सकाळी तो आत आहे का बाहेर ते येऊन सांगते.

गावच्या बैठकीत बोलले. पाटलांनी बसायला खाट दिली. पोपटांचं ऐकून दोन माणसं नाराज झाली, बाकीच्यांनी माना डोलावल्या. उदईकाठ, तुमच्या सरांसारख्या घरट्यांच्या वह्या सात मुलांना दिल्या आहेत. गलोली सगळ्यांनी सोडल्या असं नाही. दोघांनी सोडल्या.

---

नवा_भिडू | २ डिसेंबर, रात्री ११:००

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. नंदुरबारला बँकेत नवीन आलोय. दुर्बीण कुठली घ्यावी?

---

मोलगीकर | ३ डिसेंबर, सकाळी ७:३०

८ बाय ४२ घ्या. ८ म्हणजे पक्षी आठ पट जवळ दिसतो, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. जंगलात पहाटे प्रकाश कमी असतो, तिथे ही चालते. १० पट वालीत हात जरा हलला तरी चित्र फार हलतं. पण आधी महिनाभर बिनदुर्बिणीचं ऐका, मग घ्या.

---

माळरानाची_लेक | १८ जानेवारी, सायंकाळी ५:४०

माझ्याच पहिल्या प्रश्नाकडे परत येते, कारण परवा एक गोष्ट घडली.

सकाळी चुलीवर भाकरी टाकत होते. कडाक्याची थंडी, मुलगा गोधडीत. बाहेर एक कर्कश, चिरका आवाज आला आणि माझ्या तोंडून सहज निघालं, "धनेश आले रे उंबरावर." हातातली भाकरी तशीच. मुलगा धावत बाहेर गेला आणि ओरडला, "आई, तीन आहेत!" मी पाहायला गेलेही नाही. भाकरी करपली असती. नंतर तव्यासमोर बसल्यावर लक्षात आलं की मी 'धनेश' म्हटलंच नव्हतं, नाव पावरीत घेतलं होतं, मुलांनी शिकवलेलं.

जुलैमध्ये मला वाटत होतं की या डोंगराने पक्षी लपवून ठेवले आहेत. आता सकाळी डोळे मिटून पडले तरी कोण कुठल्या झाडावर आहे ते कळतं. मिस्टर संक्रांतीला आले होते, त्यांना अंगणात बसवून सतरा आवाज ओळखून दाखवले. ते म्हणाले, इथे बदली मागू का?

शाळेच्या भिंतीवर तक्ता लागला आहे. एका रांगेत पावरी नाव, दुसऱ्या रांगेत मराठी, शेजारी मुलांनी काढलेलं चित्र. अठ्ठेचाळीस पक्षी झाले. उदईकाठ, तुमची आजी पन्नासेक नावं सांगायची ना? उरलेल्या दोनांसाठी मुलं आपापल्या आज्यांकडे गेली आहेत.

---

उदईकाठ | १८ जानेवारी, रात्री ७:०५

बाई, काय लिहू कळत नाही. होळीला घरी येतो आहे. तक्ता बघायला शाळेत येऊ का? आमच्या फळीवर (पाड्यावर) एक म्हातारी आत्या आहे, तिला गाणी येतात पाखरांची. तिला घेऊन येतो.

---

लेन्सवाला_धुळे | १८ जानेवारी, रात्री ७:३०

मॅडम, तक्त्यासाठी फोटो लागले तर माझे सगळे वापरा, मोठ्या आकारात छापून देतो. आवाज लावणं बंद केलं आहे. नवरंग यंदा अकरा सकाळी बसून मिळाला, जाळीच्या खालच्या अंगाला.

---

माळरानाची_लेक | १९ जानेवारी, सायंकाळी ५:३५

फोटो नक्की द्या, पण मुलांची चित्रं काढणार नाही, शेजारी लावू. उदईकाठ, आत्यांना जरूर आणा, मुलांनी आत्ताच विचारायला सुरुवात केली आहे.

तापीकाठ काका, २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की मुलाला घेऊन हतनूरला यायचं ठरवतो आहोत. त्याने चक्रवाक पाहिलेला नाही.

---

तापीकाठ | १९ जानेवारी, सायंकाळी ६:००

या या! पण २६ ला दुपार होईल, उजेड जातो. रात्री आमच्याच घरी मुक्काम करा, सकाळी साडेसहाला धरणावर जाऊ. स्वेटर आणा, पाण्यावर वारं बोचरं असतं. भरीत-भाकरी मंडळी बांधून देतील. पोराला दुर्बीण माझी देतो.

---

शेवभाजी_प्रेमी | १९ जानेवारी, सायंकाळी ६:०२

भरीत म्हटलं की मी आलोच. एक जागा धरा.